आता माझा माले जीव : बहिणाबाईंच्या एका गाण्याचा प्रकरण अभ्यास

"कविता लिही, मन हलकं होईल" हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. घरातलं कुणी गेलं, लग्न मोडलं, नोकरी सुटली, की कुणीतरी वही पुढे सरकवतंच. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. नुसतं लिहून मन हलकं होत असतं तर कवी ही जमात सर्वांत सुखी असायला हवी होती. ती तशी नाही, हे कवींच्या मैफलीत एक संध्याकाळ काढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मग कवितेने कधी कधी माणूस खरोखर सावरतो, तो नेमका कशाने? याचं उत्तर मोघम चर्चेत सापडत नाही. एखादं प्रकरण हातात घेऊन, ओळ न् ओळ उसवून बघावं लागतं.

इथे घेतलेलं प्रकरण बहिणाबाई चौधरींचं आहे. 'मन वढाय वढाय' आणि 'अरे संसार संसार' शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. 'आता माझा माले जीव' हे वैधव्यावरचं गाणं मात्र त्या मानाने कमी म्हटलं जातं. मला ते त्यांच्या सगळ्या गाण्यांत जास्त धीट वाटतं.

परिस्थिती

बहिणाबाईंचा जन्म 24 ऑगस्ट 1880 चा, जळगावजवळच्या असोदे गावचा. माहेर महाजनांचं. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींशी लग्न झालं. ओंकार, सोपान आणि काशी ही तीन मुलं. वयाच्या तिसाव्या वर्षी नवरा गेला. सोपान, म्हणजे पुढचे कवी सोपानदेव, तेव्हा तीनेक वर्षांचे होते.

काळही धड नव्हता. 1896 पासून मुंबई इलाख्यात प्लेग ठाण मांडून बसलेला, 1899-1900 चा दुष्काळ लोकांच्या आठवणीत ताजा. थोरल्या ओंकारला प्लेगने कायमचं अपंगत्व आलं. अशा घरात कर्ता पुरुष जाणं म्हणजे केवळ दुःख नव्हे. शेती कोण बघणार, भाऊबंदकीत कोण बाजू घेणार, पोरांच्या तोंडात काय घालणार, हे प्रश्न रडण्याच्याही आधी उभे राहतात.

त्यात विधवेच्या रीती. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं. आणि हे करायला पुढे येतात त्या बायकाच, शेजारच्या आणि नात्यातल्या. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची राज्यभर बातमी झाली. शंभराहून जास्त वर्षांनंतरही तो ठराव बातमी ठरतो, यावरून 1910 च्या आसपासच्या खान्देशात या बाईवर काय गुदरलं असेल याचा अंदाज करावा.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. वही नाही, दैनंदिनी नाही. 'लेखनाने मन मोकळं करा' म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही बाई बसायलाच नको. तरी ती बसते, कारण तिच्याकडे लेखनाहून जुनी एक व्यवस्था होती.

घरोट

ती व्यवस्था म्हणजे जात्यावरची ओवी. खान्देशात जात्याला घरोट म्हणतात. भल्या पहाटे, घर झोपलेलं असताना, बाई एकटी किंवा जावेबरोबर दळायला बसते. हात कामात अडकलेला, तोंड मोकळं. जे सासूच्या तोंडावर बोलता येत नाही, नवऱ्याला सांगता येत नाही, भावाला कळवता येत नाही, ते इथे म्हणता येतं. कुणी ऐकलं तरी बिघडत नाही, कारण ते 'गाणं' असतं. तक्रार केली असं कुणी म्हणू शकत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. त्यांत देवाच्या ओव्या आहेत, भावाच्या आहेत, आणि आपल्या हालांचा पाढा वाचणाऱ्याही आहेत.

बहिणाबाईंनी या कामाचं मर्म स्वतःच सांगून ठेवलंय:

अरे, घरोटा घरोटा
तुझ्यातून पडे पिठी
तसं तसं माझं गानं
पोटातून येतं व्होटी

दाणा वरून टाकल्याशिवाय पीठ पडत नाही आणि दगड फिरल्याशिवाय दाणा मोडत नाही. गाणं पोटातून ओठी येतं ते आपसूक उसळून येत नाही, दळून येतं. मानसशास्त्राची पुस्तकं ज्याला भावनांवर प्रक्रिया करणं म्हणतात, ते या चार ओळींत उरकलेलं आहे.

गाणं

आता मूळ प्रकरण. सुरुवात अशी:

अरे, रडता रडता
डोळे भरले भरले
आंसू सरले सरले
आता हुंदके उरले

प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. बोटांवर मोजून बघा: अ-रे-र-ड-ता-र-ड-ता. पुढची, डो-ळे-भ-र-ले-भ-र-ले, तीही आठ. एखादी ओळ सोडली तर हे माप शेवटपर्यंत सुटत नाही. 'भरले भरले', 'सरले सरले' ही द्विरुक्ती वरवर भरीची वाटेल, पण हुंदका असाच येतो, एकाला जोडून दुसरा. म्हणजे रडण्याची लय आणि ओवीची लय इथे एकच झाली आहे. रडणारीला श्वास आवरता येत नाही. आठ अक्षरं म्हणायची तर श्वास आवरावाच लागतो. गाणं म्हणता म्हणता शरीरच थोडं ताळ्यावर येतं, अर्थ कळण्याच्याही आधी.

दुसरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या ओळीतच घडून जाते. आसू संपले, हुंदके उरले. ही स्वतःच्या रडण्याची पाहणी झाली. बाई रडतेय आणि रडणं कुठल्या टप्प्याला आलंय हेही बघतेय. दोन बाया झाल्या, एक रडणारी, एक बघणारी. पुढच्याच कडव्यात बघणारी रडणारीशी बोलू लागते:

आंसू सरले सरले
माझा मलेच इसावा
असा आसवांबिगर
रडू नको माझ्या जीवा

'माझा मलेच इसावा', माझा विसावा मीच. आणि 'रडू नको माझ्या जीवा' ही समजूत. लहान पोराला घालावी तशी ती स्वतःच्या जिवाला घातली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं आढळलं, की ताणाच्या प्रसंगी स्वतःशी 'मी'ने बोलण्याऐवजी स्वतःचं नाव घेऊन किंवा 'तू' म्हणून बोलणाऱ्यांना तो प्रसंग जास्त सोसवतो. आपल्या संतकवितेत ही सवय शतकानुशतकं आहे, मनाला 'अरे मना' म्हणून हाक मारायची, शेवटी 'तुका म्हणे' म्हणून स्वतःकडे बाहेरून बघायचं. बहिणाबाई ती परंपरा ऐकत वाढल्या. दुसऱ्या एका गाण्यात त्या 'लेक बहिनाच्या मनी' असं स्वतःचं नाव घालतात, तेही त्याच वळणाचं.

मग एक प्रश्न येतो:

सांग सांग धरतीमाता
अशी कशी जादू झाली?
झाड गेलं निंघीसनी
मागे सावली उरली

झाड निघून गेलं आणि सावली मागे राहिली, हे निसर्गनियमाला धरून नाही. म्हणून तर ती 'जादू'. कुणी गेल्यावर घरातल्यांना नेमका हाच धक्का असतो. त्याची जागा, त्याच्या वेळा, त्याचा आवाज घरात असतो, तो नसतो. आणि हा प्रश्न ती देवाला करत नाही, नातलगांना करत नाही. धरतीला करते, जिच्याशी तिचा रोजचा व्यवहार आहे. उत्तर येत नाही. उत्तराची वाट न बघता गाणं पुढे सरकतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. दुःखात माणूस 'असं का झालं' याच प्रश्नावर अडून बसतो. आठ अक्षरांची ओळ संपली की पुढची ओळ म्हणावीच लागते. ओवी अडून बसू देत नाही.

देव गेले देवाघरी
आठे ठेईसनी ठेवा
डोयापुढे दोन लाल
रडू नको माझ्या जीवा

आठे म्हणजे इथे. नवरा देवाघरी गेला, पण इथे ठेव ठेवून गेला. गाण्याचा काटा इथे भूतकाळाकडून पुढे वळतो. 'दोन लाल' म्हणजे दोन मुलगे. काशी या हिशेबात नाही. काळाची रीत म्हणून समजून घेता येतं, तरी प्रत्येक वाचनात ते मला टोचतं. आपल्या दुःखावर एवढी बारीक नजर असलेल्या बाईच्या गाण्यातही लेक मोजणीतून सुटते.

पुढच्या कडव्यात सूर चक्क थट्टेचा होतो. 'तुले रड्याचीरे सव', तुला रडायची सवयच लागलीय, असं ती जिवाला दटावते, आणि रडण्याला थोडं हसव, त्यातच संसाराची चव आहे, म्हणते. चिरफाड करणाऱ्याला वाटावं की दुःख हलकं केलं. पण थट्टा करता येणं हे अंतर पडल्याचं लक्षण असतं. पहिल्या कडव्यात हे शक्यच नव्हतं.

आणि मग गाण्याचा गाभा:

कुंकू पुसलं पुसलं
आता उरलं गोंदन
तेच देईल देईल
नशिबाले आवतन

जरी फुटल्या बांगड्या
मनगटी करतूत
तुटे मंगयसुतर
उरे गयाची शपत

समाजाने काय काय काढून घेतलं याची ही यादी आहे, आणि प्रत्येक नोंदीसमोर काय उरलं ते लिहिलंय. कुंकू पुसता येतं, कपाळावरचं गोंदण पुसता येत नाही. बांगड्या फुटल्या, मनगट शाबूत आहे आणि त्यात करतूत, म्हणजे कर्तबगारी, आहे. मंगळसूत्र तुटलं, गळ्याची शपथ कुणी तोडू शकत नाही. पुसलेल्या, फुटलेल्या, तुटलेल्या तिन्ही वस्तू बाहेरून घातलेल्या होत्या. उरलेल्या तिन्ही अंगच्या. 'मी खंबीर आहे' असं एकही विधान नाही. फक्त वस्तू आहेत, आणि त्या अशा मांडल्या आहेत की बेरीज आपोआप होते. हल्लीच्या उभारी देणाऱ्या कवितांत पंख, आकाश, फिनिक्स यांची जी गर्दी असते तिच्याशेजारी हे मनगट ठेवून बघावं.

शेवट:

नका नका, आया-बाया
नका करू माझी कीव
झालं माझं समाधान
आता माझा माले जीव

आतापर्यंत गाणं जिवाशी आणि धरतीशी बोलत होतं. शेवटच्या कडव्यात ते पहिल्यांदा माणसांकडे वळतं, आणि तेही त्यांना थांबवायला. या आया-बाया म्हणजे सांत्वनाला येऊन गळ्यात पडणाऱ्या, 'कसं गं होणार तुझं' म्हणणाऱ्या. त्यांच्यातल्याच कुणी बांगड्या फोडल्या असतील. त्यांना ती हाकलत नाही, शिव्या देत नाही. कीव नको, एवढंच सांगते. आता माझा जीव माझा मला.

संशोधनाची बाजू

जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहायला लावलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांना बरं वाटलं नाही, उलट जास्त वाईट वाटलं. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत: घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या खेपा कमी झाल्या. त्यानंतर या पद्धतीवर खूप काम झालं. 2006 मध्ये जोआन फ्रॅटारोली यांनी 146 अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा परिणाम खरा पण लहान निघाला. लेखनोपचाराची भरभरून जाहिरात करणारे हा 'लहान' शब्द गाळतात.

आमच्या प्रकरणाला जास्त लागू पडतं ते दुसरंच काम. शॅनन स्टर्मन आणि पेनेबेकर यांनी 2001 मध्ये आत्महत्या केलेल्या नऊ कवींच्या कविता आणि तसं न केलेल्या नऊ कवींच्या कविता शब्दवार तपासल्या. पहिल्या गटात 'मी', 'माझं' हे शब्द जास्त होते. इतरांकडे निर्देश करणारे कमी. आणि 2006 मध्ये जेम्स कॉफमन आणि जॅनेल सेक्स्टन यांनी सरळ विचारलं, की लेखनाने लोक बरे होत असतील तर कवी का होत नाहीत? त्यांचं म्हणणं असं की लेखनाचा गुण कथनात आहे. घटनेला सुरुवात, मध्य, शेवट मिळतो म्हणून मन सावरतं, आणि कवितेत बहुतेक वेळा कथन नसतं. कविता एकाच क्षणावर थांबून तोच उजळवत राहते.

या दोन कसोट्यांवर 'आता माझा माले जीव' घासून बघितलं तर काय दिसतं? 'माझा' आहे, पण सगळं बोलणं कुणाला ना कुणाला उद्देशून: जिवा, धरतीमाता, आया-बायांनो. आणि कथन तर ठसठशीत आहे. रडण्याने सुरू झालेली बाई सहा-आठ कडव्यांत लोकांना कीव थांबवायला सांगण्यापर्यंत पोचते. कॉफमन-सेक्स्टन यांना कवितेत जे सापडलं नाही ते ओवीत उपजतच असतं, कारण ओवी म्हणजे दळण सरेपर्यंत पुढे चालणारं गाणं.

एक पथ्य पाळायला हवं. या गाण्यांवर तारखा नाहीत. नवरा गेल्यावर किती दिवसांनी हे रचलं, आधी किती वेळा अर्धवट म्हटलं, हे गाण्यातून काढता येत नाही. तेव्हा 'गाण्याने बहिणाबाई बऱ्या झाल्या' असं कार्यकारण मी मांडत नाही. गाण्याच्या आत एक माणूस कसा सावरतो, एवढंच बघता येतं, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

समाधान झालं म्हणजे संपलं का?

नाही. त्यांचंच दुसरं गाणं त्याला साक्ष आहे:

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुकू
रेखा उघडी पडली

इथे 'झालं माझं समाधान'चा मागमूस नाही. कुंकू होतं तोवर नशिबाची रेघ झाकलेली होती, ते गेलं आणि ती उघडी पडली. हे उघड्या जखमेचं बोलणं आहे. पुढे ज्योतिषी येतो, त्याला ती दारातूनच परत पाठवते:

नको नको रे जोतिषा
नको हात माझा पाहू
माझं दैव माले कये
माझ्या दारी नको येऊ

एका गाण्यात आया-बायांना थांबवलं, दुसऱ्यात ज्योतिषाला. दुःख परत परत आलं असणार, आणि दरवेळी ते नवं गाणं मागत असणार. म्हणून 'एकदा लिहिलं आणि निचरा झाला' हे गणित मला पटत नाही. पण दोन्हीकडे एक धागा सारखा आहे. दोन्ही गाण्यांत बाहेरचा माणूस तिच्या दुःखाचा अर्थ लावायला आलेला आहे, आणि दोन्हीकडे ती त्याला म्हणते की अर्थ माझा मी लावीन. माझ्या मते गाण्याने तिला दिलं ते हे. दुःख कमी झालं की नाही कोण जाणे, पण त्याची मालकी तिच्याकडे आली.

सोपानदेव आणि वही

गाणी कागदावर आली ती सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांच्यामुळे. त्यांनी ऐकून टिपून ठेवली. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी तिला बावनकशी सोनं म्हटलं आणि 1952 मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तीत जास्त रमत नाही. प्रकरणाच्या दृष्टीने एकच नोंद: गाणी झाली तेव्हा वाचक नव्हता. महाराष्ट्र वाचील असं मनात धरून 'नका करू माझी कीव' म्हटलेलं नाही.

आज उलटं आहे. कविता सुचते ती फोनवर, आणि शेवटची ओळ टाईप होताच ती स्टेटसला जाते. दहा मिनिटांत खाली 'काळजी घे', 'स्ट्राँग राहा', रडक्या चेहऱ्यांची रांग. आया-बाया घरबसल्या हजर. त्यांचा हेतू वाईट नसतो, तेव्हाच्या आया-बायांचाही नसेल. पण कीव लगेच मिळाली की गाणं तिथेच थांबतं, पुढची कडवी होत नाहीत. लिहिणाऱ्याला माझं सांगणं असं, की पहिलं कडवं कुणाला दाखवू नका. शेवटचं होईपर्यंत तरी.

आणि करून बघायचंच असेल तर मुक्तछंदाच्या नादी न लागता आठ अक्षरांची ओळ घ्या. बोटांवर मोजत बसायला आधी हसू येईल. पण माप आलं की शब्द शोधावा लागतो, आणि शब्द शोधताना आपण दुःखाच्या बाहेर अर्धं पाऊल तरी उभे असतो. 'मी'च्या जागी जिवाला, मनाला, झाडाला, गेलेल्या माणसाला हाक मारा. भावनांची नावं टाळा, वस्तूंची घ्या. काय गेलं आणि काय उरलं, समोरासमोर. 'वेदना', 'एकांत', 'अश्रू' हे शब्द आले की समजावं, दळण नीट बसलेलं नाही.

झोप उडालीय, अन्न जात नाही, जगणं नको वाटतंय आणि हे आठवडे चाललंय, अशा अवस्थेत मात्र ओळी जुळवत बसू नये. तिथे डॉक्टर लागतो. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. गाणं नंतर होतं. बहिणाबाईंच्या गाण्यातसुद्धा आसू सरल्यावरच तोंड उघडलंय.